१५ ऑक्टोबरला पाणी मोजतो, मग मासे का नाही?

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं त्यांच्यासाठी हा एपिसोडचा मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "बेसिकली" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे.)

आज बोलायचंय मासेमारीवर. आता लगेच कोणीतरी म्हणणार, "अरे, नांदेड-लातूरला समुद्र कुठंय?" नाहीच. पण विष्णुपुरी आहे, लिंबोटी आहे, बारूळचं मानार धरण आहे, मांजरा आहे. या प्रत्येक पाण्यावर भोई, कोळी आणि इतर समाजांची घरं चालतात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळं काढणारा माणूस तुम्ही पुलावरून जाताना नक्की बघितला असेल. आणि आपल्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. समुद्रापासून इतक्या लांब! त्यामुळे हा विषय आपलाच आहे.

प्रश्न साधा आहे: एका पाण्यातून एका वर्षात किती मासा काढायचा, हे आधी ठरवावं का? ठरवायचं तर कोणी, आणि कशावरून?

डेटा पॅक आणि तळं

तुमच्या फोनमध्ये रोज दीड जीबी डेटा आहे असं समजा. घरातले चार जण तुमच्या हॉटस्पॉटवर बसलेत. काय होतं? प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं संपवायच्या आत आपण बघून घ्यावं. संध्याकाळी सातलाच "९० टक्के वापरला" असा मेसेज येतो. यात कोणी वाईट नाही. पॅक सगळ्यांचा आहे आणि कोणी किती वापरायचा हे ठरलेलं नाही, एवढंच.

तळ्याचं अगदी असंच आहे. मी आज लहान मासा सोडला, तर तो उद्या माझ्याच जाळ्यात येईल याची काय गॅरंटी? शेजारच्या तराफ्यावाला काढणार. मग मीच काढतो.

पण एक फरक आहे, आणि आजचा सगळा विषय त्या फरकात आहे. डेटा रात्री बारा वाजता परत दीड जीबी होतो. तुम्ही सगळा उडवला तरी तेवढाच, शिल्लक ठेवला तरी तेवढाच. मासा तसा भरत नाही. उद्या किती मासा येणार, हे आज पाण्यात किती उरला त्यावर ठरतं. आपली म्हातारी माणसं म्हणतात ना, व्याज खावं, मुद्दलाला हात लावू नये. इथं मुद्दल म्हणजे पाण्यात राहिलेला मासा.

दहा ओळींचा कोड

मी कामानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे लॅपटॉपवर एक हिशोब मांडून बघितला. आकडे कल्पनेतले आहेत, कुठल्या खऱ्या धरणाचे नाहीत. पण गणित तेच, जे मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या काही धड्यांत येतं.

एक जलाशय घ्या. त्यात जास्तीत जास्त १०० टन मासा मावतो. भरलेला असेल तर वाढ कमी होते, कारण खायला आणि राहायला जागा नाही. अगदी थोडा मासा असेल तरी वाढ कमी, कारण अंडी घालणारेच कमी. मधोमध, म्हणजे ५० टनांवर, वाढ सगळ्यात जास्त. आपल्या उदाहरणात ती वर्षाला १० टन धरली.

आता ५० टन मासा आहे आणि दरवर्षी १० टन काढला, तर हे शंभर वर्षं चालू शकतं. वाढला तेवढा काढला, ५० चे ५०.

मग मी १० च्या जागी १२ केले. फक्त दोन टन जास्त. पहिल्या वर्षाअखेर ४८ टन. कोणाला कळणारही नाही. पाचव्या वर्षी साडेएकोणचाळीस. तरीही माणूस म्हणेल, पाऊस कमी झाला असेल. दहाव्या वर्षी २४. आणि मग घसरगुंडी: बाराव्या वर्षी १४ च्या आत, तेराव्याला साडेसहाच्याही खाली, आणि चौदाव्या वर्षी काढायला १२ टन उरलेलेच नाहीत. संपलं.

यातली पहिली दहा वर्षं बघा. दहाही वर्षं सगळ्यांना पूर्ण १२ टन मिळाले. कोणाचं उत्पन्न एक रुपयानं कमी झालं नाही. जाळं भरून येतंय तोवर धोका दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा हातात तीन-चार वर्षं उरलेली असतात. वर्षाची मर्यादा आधी ठरवायची ती यासाठी.

मर्यादा होती, तरी बुडाले

तुम्ही म्हणाल, मग आकडा ठरवला की झालं. नाही झालं. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड आहे. तिथला कॉड मासा एवढा होता की शेकडो वर्षं युरोपातून जहाजं यायची. १९७० च्या दशकापासून तिथं दरवर्षी किती टन काढायचा याची मर्यादा ठरायची. शास्त्रज्ञ होते, सरकार होतं, आकडा होता. आणि २ जुलै १९९२ ला सरकारला मासेमारीच बंद करावी लागली. जवळपास तीस हजार लोकांचं काम गेलं. सांगितलं होतं, दोन वर्षं बंद. व्यावसायिक मासेमारी परत सुरू झाल्याची घोषणा झाली २०२४ मध्ये. दोनाची बत्तीस वर्षं झाली.

चूक कुठं झाली? बरीच कारणं आहेत, पण एक आपल्या कामाचं आहे. मासा किती शिल्लक आहे याचा अंदाज ते बऱ्याच अंशी मोठ्या ट्रॉलरना किती मासा मिळतो यावरून बांधायचे. पण कॉड कमी झाला तरी तो उरलेल्या जागेत घोळका करून राहतो, आणि ट्रॉलर बरोबर त्या घोळक्यावर जातात. जाळं भरलेलंच. म्हणून कागदावर मासा भरपूर, आणि समुद्र रिकामा होत चाललेला.

आता हेच घेऊन आपल्या धरणावर या. एप्रिल-मे मध्ये काय होतं? पाणी आटतं. पसरलेला मासा उरलेल्या डोहात गोळा होतो. त्या महिन्यात जाळ्याला जोर येतो, बाजारात माल वाढतो, आणि लोक म्हणतात, "यंदा मासा लई आहे." मासा तेवढाच आहे हो. कमी झालंय ते पाणी. उन्हाळ्यातल्या भरलेल्या जाळ्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधला, तर आपण न्यूफाउंडलंडचीच चूक घरच्या अंगणात करतो.

म्हणून मोजायचंच असेल तर सारख्या पाण्यात मोजावं. मागच्या वर्षी धरणात अमुक पाणी असताना एका जाळ्याला एका रात्रीत किती किलो, आणि यंदा तेवढंच पाणी असताना किती. ही तुलना खरी.

आपल्याकडे काय चालतं

समुद्राच्या कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९८२ चा. त्याचं ६१ वं कलम सांगतं की किनाऱ्याच्या देशानं आपल्या हद्दीतला किती मासा काढायचा हे ठरवावं. भारतानं १९९५ मध्ये या कराराला मान्यता दिली. अमेरिकेनं २००६ मध्ये कायदा दुरुस्त करून अशी वार्षिक मर्यादा सक्तीची केली.

आपण मात्र टनांपेक्षा दिवस आणि आकार मोजतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना बंदी असते. २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, आणि पापलेटसाठी आकार आहे १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचा नाही. जाळ्याची आस, म्हणजे जाळ्यातलं भोक, केवढं असावं याचेही नियम आहेत.

टन का नाहीत? त्याला कारण आहे. आपल्या एका जाळ्यात वीस-पंचवीस जातींचे मासे येतात, आणि मासा उतरवायची शेकडो ठिकाणं आहेत. प्रत्येक जातीचं प्रत्येक बंदरावर वजन कोण करणार? समुद्रावर हे खरंच अवघड आहे.

आता गंमत बघा. समुद्रावर जे अवघड, ते आपल्या धरणावर बऱ्यापैकी सोपं आहे. धरणाला काठ आहे. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, साधारण पाच वर्षांसाठी. सभासदांची यादी आहे. माल उतरतो एक-दोन ठिकाणी, आणि वजनकाटा तिथंच असतो. म्हणजे जी माहिती गोळा करायला मोठमोठे देश करोडो खर्च करतात, ती आपल्याकडे वहीत जवळपास येऊन थांबलेली आहे. फक्त तिच्यावरून कोणी काही ठरवत नाही.

दोन प्रकारचे मासे, दोन हिशोब

इथं थोडं बारकाईनं बघू. आपल्या धरणांत ढोबळमानानं दोन प्रकारचे मासे आहेत.

पहिला प्रकार: कटला, रोहू, मृगळ. हे थांबलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बीज बाहेरून आणून सोडतात. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं, म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. तेव्हापासून मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली अशी साखळी तयार झाली. ठेका घेणाऱ्या संस्थेला दरवर्षी ठरलेली बोटुकली पाण्यात सोडावी लागते.

म्हणजे किती सोडायचे याच्या आकड्यावर सगळा भर. किती काढायचे, कधी काढायचे, याची चर्चा फारशी नाही. आणि या माशांत खरं नुकसान होतं ते घाईनं. समजा पाव किलोचे १०० कटले डिसेंबरमध्ये काढले. २५ किलो माल. तेच थांबलो, आणि धरू या की त्यातले ३० मेले, पक्ष्यांनी खाल्ले, चोरीला गेले. उरलेले ७० किलोभराचे झाले, तर ७० किलो. शिवाय मोठ्या कटल्याला किलोमागे भावही जास्त. ३० मासे गमावूनसुद्धा जवळपास तिप्पट माल. इथं मर्यादा लावायची ती आकाराची: अमुक वजनाखालचा मासा काट्यावर घ्यायचाच नाही.

दुसरा प्रकार: मरळ, वांब आणि असे देशी मासे. यांचं बीज कोणी सोडत नाही. हे इथंच वाढतात, इथंच वंश चालवतात. मरळ तर पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर तरंगताना दिसतो आणि खाली आईबाप फिरत असतात. जाणकाराला तो पुंजका दिसला की खाली मोठी मरळ आहे हे कळतं. ती मारली, की त्या पुंजक्याला दुसरे मासे खाऊन टाकतात. एका माशाच्या भावात पुढची अख्खी पिढी गेली. माझा तो दहा ओळींचा कोड या माशांना लागू होतो. इथं वर्षाचा किलोंचा आकडा हवा, आणि पिल्लांच्या महिन्यांत पूर्ण बंदी.

काही जागा कायमच्या राखणं हे आपल्याला नवीन नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून मासे कोणी पकडत नाही. लोक त्यांना खायला टाकतात. आजच्या भाषेत तो राखीव विभाग झाला. आपल्या धरणातला एक खोल डोह असाच सोडला तर देशी माशांचं बेणं तिथं टिकतं. गोंदिया-भंडाऱ्याकडं ढिवर समाजाच्या लोकांनी तलावांतली बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परत यायला लागले. म्हणजे हे पुस्तकातलं नाही, होतंय.

१५ ऑक्टोबर

मराठवाड्यातल्या माणसाला एक तारीख सांगायला लागत नाही. पावसाळा संपला, १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते बघायचं. पिण्याचं आधी बाजूला काढायचं. मग कालवा सल्लागार समिती बसते आणि रब्बीला किती आवर्तनं, उन्हाळ्याला किती, हे ठरतं. जायकवाडीचं तर सगळ्यांना पाठ आहे: ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा विषय निघतो, आणि मग नगर-नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर. भांडण होतं, कोर्टात जातं, पण ते एका आकड्यावर होतं. आकडाच नसता तर वरच्याचं भागलं असतं आणि खालच्यानं आभाळाकडं बघितलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: सामाईक गोष्ट वर्षातून एकदा मोजायची आणि वाटून घ्यायची, ही पद्धत आपल्याकडे आहे. तीच माशाला लावा. १५ ऑक्टोबरचं पाणी कळलं की संस्थेनं बैठक घ्यावी. मागच्या वर्षीची वही उघडावी. कोणत्या जातीचा किती माल आला, एका जाळ्याला सरासरी किती मिळाला, किती लहान होता. त्यावरून यंदाचा आकडा. मत्स्यव्यवसाय विभागाचा माणूस आणि उदगीरच्या कॉलेजचे विद्यार्थी त्या बैठकीला बसले तर उत्तम.

आणि हा आकडा पाण्यासोबत हलला पाहिजे. २०१६ आठवतं ना? मांजरा कोरडं पडलं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. अशा वर्षी मासा सोडून काय करणार? तो तसाही चिखलात मरणार. तेव्हा सोडलेला कटला-रोहू वेळेत काढून घ्यावा, आणि देशी माशांची थोडी बेणं जिथं पाणी टिकेल तिथं हलवावीत. भरल्या वर्षी हात आखडायचा, आटत्या वर्षी मोकळा सोडायचा. सगळ्या वर्षांना एकच आकडा लावला तर मराठवाड्यात तो पहिल्याच दुष्काळात फाटेल.

थांबायचं कोणी?

आता अवघड भाग. "थोडं थांबा, मासा मोठा होऊ द्या" हे मी एसीत बसून सांगतो. थांबायचं आहे तराफ्यावरच्या माणसाला. त्यानं बऱ्याच ठिकाणी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते. जाळं, लग्न, दवाखाना. उचल घेतली की माल त्यालाच, भाव त्याचा, आणि वेळही त्याची. त्याला आठ महिन्यांनंतरच्या ७० किलोंचा हिशोब सांगून उपयोग नाही, त्याला या आठवड्याचा हप्ता आहे.

बंदीच्या किंवा मंदीच्या काळासाठी केंद्राची योजना आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमार स्वतःचे १,५०० रुपये भरतो, सरकार ३,००० घालतं, आणि तीन महिन्यांत मिळून ४,५०० मिळतात. महिन्याला दीड हजार. त्यातलेही एक तृतीयांश त्याचेच. यात घर चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण ठेक्याची. पाच वर्षांनी ठेका दुसऱ्याकडे जाऊ शकतो असं वाटलं, तर शेवटच्या वर्षी कोण मासा शिल्लक ठेवेल? जाता जाता सगळं काढून नेणं हेच शहाणपण ठरतं. मर्यादा पाळणाऱ्या संस्थेला पुढच्या ठेक्यात प्राधान्य मिळालं, तर थांबण्यात तिचाच फायदा राहील.

आणि तिसरी भीती म्हणजे हिस्सा विकला जाण्याची. आइसलँडनं १९८४ पासून कॉडचा कोटा बोटींना वाटून दिला, पुढे तो विकता येऊ लागला. मासा सावरला, पण कोटा हळूहळू मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाला आणि लहान गावांतल्या बोटी कमी झाल्या. म्हणून आपल्याकडे आकडा संस्थेचा असावा, सभासदांत वाटलेला, आणि विकता न येणारा. नाहीतर उचल देणाराच उद्या कोटाही घेऊन बसेल.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी जगभरातली जंगलं, कालवे, मासेमारीची पाणी अभ्यासली. सार असं की नियम वापरणाऱ्यांनीच बनवले, राखणही त्यांनीच केली, तर सामाईक गोष्ट टिकू शकते. वरून आलेला आकडा लोक चुकवतात. स्वतः ठरवलेला आकडा शेजारी चुकवत नाही ना, यावर लोक लक्ष ठेवतात.

तर मंडळी, आज एक काम देतो. तुमच्या गावाजवळच्या तलावाची संस्था शोधा आणि तीन प्रश्न विचारा. मागच्या वर्षी किती बोटुकली सोडली? किती किलो मासा निघाला? त्यातला पाव किलोच्या आतला किती? पहिल्याचं उत्तर बहुतेक लगेच मिळेल. दुसऱ्याला वही काढावी लागेल. तिसऱ्याला कदाचित कोणीच उत्तर देणार नाही, आणि नेमकं तेच मोजायला सुरुवात करायची आहे. संस्थेला वही ठेवायला मदत लागली तर फोनमधली साधी एक्सेल शीट पुरते. जात, वजन, नग, किती जाळी, धरणात पाणी किती. पाच रकाने, बास. तुमच्यापैकी कोणालाही हे करता येईल.

मिळालेली उत्तरं व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात लावतो. पण पाठवायच्या आधी संस्थेच्या लोकांना विचारा हं, हिशोब त्यांचा आहे. भेटू!